बाहेरची कडी

प्राथमिक शाळेचा बाक सात-आठ वर्षांच्या मुलाच्या मापाने केलेला असतो, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तिची खरी प्रचिती मात्र टँकर चालवणारा एखादा दांडगा गृहस्थ त्यावर बसल्याशिवाय येत नाही. आमचे टँकरवाले भाऊ पहिल्या सकाळी वर्गात आले, शेवटचा बाक त्यांनी हक्काने निवडला आणि गुडघे जवळजवळ हनुवटीला लावून ते बसले. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. मला वाटले, शंका असेल.

"बाई, मी उभाच राह्यतो. नाईतर हा बाक माह्या संगंच येते घरी."

माझ्या सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्गाचा आरंभ हा असा झाला.

आधी वर्ग कशाचा होता ते सांगते. त्या पावसाळ्यात रोहण्याच्या पलीकडच्या एका नदीकाठच्या गावात पुराचे पाणी शिरले. काठावरची भाजीपाल्याची वावरे गाळाखाली गेली, घरांच्या मातीच्या भिंती भिजल्या, आणि बरीच कुटुंबे गावाबाहेर उंचावर असलेल्या शाळेत राहायला आली. मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेने तेथे छावणी उभारली. सेलूचे टँकरवाले भाऊ पाणी आणत. आंजी मोठीचे एक फिटरभाऊ टिनाचे शेड आणि संडास उभारत. स्वयंपाकाची जबाबदारी गावातल्याच बचत गटाकडे होती आणि त्या गटाच्या प्रमुख मावशी एवढ्या मोठ्या आवाजाच्या होत्या, की जेवणाची घंटा वाजवण्याची गरज कोणालाच कधी भासली नाही.

मी आयुष्यभर वर्धा तालुक्यातल्या शाळांत शिकवले. निवृत्त झाल्यावर याच संस्थेत मुलांच्या सुरक्षिततेचे काम शिकले. छावणीत माझ्याकडे दोन कामे होती. एक, मुलांविषयी कोणाला काही सांगायचे असेल तर ते ऐकून घेणे. दुसरे, ज्यांचे काम मुलांशी थेट संबंधित नाही त्यांना, म्हणजे पाणीवाल्यांना, स्वयंपाकवाल्यांना, टिनवाल्यांना, आपापले काम करतानाच मुलांना कसे जपावे हे शिकवणे. वर्ग सकाळच्या पोह्यांनंतर आणि दुपारच्या जेवणाआधी भरे. पोहे तर्री घातलेले असत. त्यामुळे पहिल्या तासाला विद्यार्थ्यांचे डोळे पाणावलेले दिसत. त्याचे श्रेय मी माझ्या शिकवण्याला देत नाही.

फिटरभाऊंनी पहिल्याच दिवशी आपली हरकत नोंदवली.

"बाई, राग मानू नका. पन मी टिनाचा मानूस. लेकरं म्हंजे तुमचं खातं. मी काऊन बसू इथं?"

"तुम्ही बांधलेल्या शेडमध्ये कोण झोपते?" मी विचारले.

"मानसं."

"आणि?"

"बाया."

"आणि?"

त्यांनी छताकडे पाहिले. "बरं, लेकरंई झोपतात," ते म्हणाले, "पन मी तं सगळ्याइलेच टिन लावून देल्लं ना!"

मागून टँकरवाले भाऊ म्हणाले, "बस ना बे गुपचाप. बाई पट्टी घेऊन याच्या आंधी बस."

माझ्याजवळ पट्टी नव्हती. फळा होता आणि खडू होता. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या: पाहा. विचारू नका. सांगा. पहिलीचा अर्थ असा, की आपल्या कामाच्या जागी मूल काय करते, काय टाळते, कुठे थांबते हे डोळे उघडे ठेवून पाहावे. दुसरीचा अर्थ असा, की मुलाची उलटतपासणी करू नये, आणि "मी आहे ना, सगळं ठीक करतो" असे वचनही देऊ नये, कारण ते पाळणे आपल्या हातात नसते. तिसरीचा अर्थ असा, की जे दिसले ते ज्याचे काम आहे त्या एकाच व्यक्तीला सांगावे. चहाच्या टपरीला सांगू नये.

पहिली आणि तिसरी ओळ वर्गाने मान डोलावून स्वीकारली. दुसरीवर मात्र मोठा असंतोष पसरला. आमच्याकडे अनोळखी मूल दिसले की "कोनाचा रे तू?" हा प्रश्न श्वासाइतक्या सहजतेने बाहेर पडतो. मग बापाचे नाव, मग आजोळ, मग बापाने यंदा वावरात काय पेरले, इथपर्यंत चौकशी गेल्याशिवाय मोठ्या माणसाला मुलाची ओळख झाली असे वाटतच नाही. ही माया आहे, हे मला मान्य आहे. परंतु भ्यालेल्या मुलाला ती ठाण्यातल्या चौकशीसारखी वाटू शकते.

ऐकून जे कळत नाही ते करून कळते, हा माझा शाळेतला अनुभव होता. म्हणून मी खुर्ची बाजूला सारली, जमिनीवर भिंतीला टेकून बसले, गुडघ्यांत डोके घातले आणि जाहीर केले, की आता मी एक रडणारे मूल आहे. प्रत्येकाने यावे, माझ्याजवळ बसावे, आणि एकही प्रश्न विचारू नये.

मावशी आल्या. बसल्या.

"काऊन रडते वो बाई? कोनं मारलं? नाव सांग फक्त, त्याचे पाय नाई मोडले तं सांगजो मले!"

वर्गात हशा पिकला. टँकरवाले भाऊ आले, बसले, आणि प्रश्न न विचारण्याच्या प्रयत्नात त्यांना घाम फुटला. शेवटी ते म्हणाले, "मी काईच नाई विचारून राह्यलो, बरं का. पन तू कोनाची आहे?"

मग फिटरभाऊ आले. ते हाताएवढे अंतर ठेवून बसले आणि खरोखरच गप्प राहिले. वर्ग श्वास रोखून पाहत होता. मीही मनातल्या मनात त्यांना पूर्ण गुण देण्याच्या बेतात होते. परंतु शांततेची त्यांना सवय नसावी. काय करावे हे न सुचून त्यांनी खिशातून पन्नी काढली, हातावर घोटली आणि त्यातला सुपारी-तंबाखूचा खर्रा माझ्यापुढे धरला.

"अबे! लेकराले खर्रा देते काय?" मावशी ओरडल्या.

"मंग काय देऊ? बोलाले तं बंदीच आहे!"

मी रडणारे मूल होते, म्हणून मला हसण्याची परवानगी नव्हती. तरी मी हसले. त्यानंतर भ्यालेल्या मुलाला काय द्यावे याचा धडा फार लवकर पाठ झाला: बसायला जागा, प्यायला पाणी, आणि आपण जवळच आहोत एवढे सांगणारा आवाज.

शेवटी मी गृहपाठ दिला. प्रत्येकाने उद्या आपल्या कामाच्या जागी मुलांविषयी दिसलेली एक गोष्ट सांगायची. नाव सांगायचे नाही. फक्त जे दिसले ते.

दुसऱ्या दिवशी गृहपाठ न केलेला विद्यार्थी एकच निघाला. फिटरभाऊ म्हणाले, "बाई, टिनात काई दिसलं नाई." बाकीचे तयारीने आले होते. टँकरवाले भाऊ उभे राहिले. ते तसेही उभेच असत. त्यांनी सांगितले, की टाकीचा नळ उंच बसला आहे, म्हणून लहान पोरे चाकावर चढून पाणी भरतात. मग ते जरा संकोचून म्हणाले, "आनखी एक आहे. सकाळी गाडी घेऊन येतो ना मी, तवा चार-पाच पोरी लोटे घेऊन नाल्याच्या बाजूनं बाभळीइकडं जाताना दिसतात. इथं नवे कोरे संडास आहेत, अन् ह्या चिखलातून काऊन जाऊन राह्यल्या, समजलं नाई."

फिटरभाऊंची मान ताठ झाली. "माह्या संडासाले काय धाड भरली?"

"मी कुठं काई म्हनलं?"

"असे संडास तुह्या घरी तरी आहेत काय? सारे कोन काटकोनात आहेत! पानी एका जाग्यावर थांबत नाई!"

मी खडू टेबलावर आपटला. वर्ग शांत झाला. मग मावशी बोलल्या. आज त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बेताचा होता.

"एक पोरगी आहे. भात घेते, सुकी भाजी घेते. कढी वाढाले गेलं का ताटावर हात ठेवते. वरन नको म्हनते. पान्याचा गिलास भरला तं तोंड ओलं करून ठेवून देते. मले वाटलं, नखरे आहेत. घरी आईच्या हातचं पाह्यजे असन. पन काल तुमी म्हनलं ना, पहा म्हून. तं मी पाह्यलं. ते नखरे नाई करून राह्यली, बाई. तिले तहान लागते. माठाकडं पाह्यते अन् मान फिरवते."

मावशींनी नाव सांगितले नाही. पण मला ते शोधावे लागले नाही, कारण त्याच दुपारी त्या मुलीची आई स्वतःहून माझ्याकडे आली. नदीकाठी वांगी, टमाटर, सांभार (म्हणजे कोथिंबीर) लावून बाजारात विकणारे ते कुटुंब होते. मुलगी अकरा-बारा वर्षांची, दोन वेण्यांची, मोजके बोलणारी. तिला लघवीला जळजळ होत होती. छावणीतल्या नर्सताईंनी भरपूर पाणी प्यायला सांगितले होते आणि मुलगी पाणी पीत नव्हती. आईने यावर स्वतःपुरता निकाल दिला होता.

"बाजाराच्या दिवशी आमी घरी चाललो, बाई. घरी गेली का पेयीन ते पानी. तिले इथलं मानवत नाई."

त्यांचे घर मी पाहिले होते. फिटरभाऊंनी तर ते आतून-बाहेरून तपासले होते. मागची भिंत फुगून आली होती आणि ती कधीही बसेल असे त्यांचे मत होते. त्यांच्या शब्दांत सांगायचे तर ती भिंत म्हणजे चहात बुडवलेले बिस्कूट होते. हे मी आईला सांगितले. तिने ते नीट ऐकून घेतले.

"भिंत पडन तवा पडन," ती म्हणाली. "पोरगी तं आताच सुकून राह्यली."

या युक्तिवादात मला चूक सापडेना. बाजार परवावर आला होता.

मी मुलीजवळ जाऊन बसले. तिने मला टमाटरच्या रोपांविषयी सांगितले, मैत्रिणीकडे राहून गेलेल्या भूगोलाच्या पुस्तकाविषयी सांगितले. पाण्याचा विषय जवळ आला की ती वेणीच्या टोकाशी खेळू लागे. मी खोदून विचारले नाही. फळ्यावरची दुसरी ओळ मलाही लागू होती, आणि सांगायला हरकत नाही, त्या दुपारी ती ओळ लिहिणाऱ्या बाईंचा मला फार राग आला.

तिसऱ्या दिवशीचा पाठ मी आधीच ठरवून ठेवला होता. बांबूच्या काड्या आणल्या होत्या. प्रत्येक काडी दुसरीतल्या मुलाच्या उंचीची. ती प्रत्येकाने घ्यायची, आपण उभारलेल्या किंवा चालवत असलेल्या जागी न्यायची, काडीच्या टोकाशी आपले डोळे आणायचे, आणि तिथे मुलाला जे जे करावे लागते ते पहिल्यापासून शेवटपर्यंत करून पाहायचे. नुसते पाहायचे नाही, करायचे. मोठ्यांना ही सूचना फार जाचक वाटते, कारण ती पाळायची तर गुडघे वाकवावे लागतात.

छावणीभर त्या सकाळी जे दृश्य दिसले, ते पाहायला शाळेची सगळी मुले व्हरांड्यात जमली. टँकरवाले भाऊ टाकीसमोर ओणवे झाले आणि नळापर्यंत हात नेण्याच्या नादात चाकावर पाय देऊन घसरले. "उतर खाली!" असे त्यांना एका चिमुरडीने दरडावले, ते वाक्य ती त्यांच्याकडूनच शिकली होती. मावशी रांगेत ताट घेऊन उकिडव्या खुरडत गेल्या, आणि तेव्हा त्यांना कळले, की खिचडीच्या गंजाचा तापलेला काठ मुलाच्या अगदी तोंडासमोर येतो. "ह्या गंजाले आजच मागं सारतो," असे त्या मला सांगू लागल्या, आणि सांगता सांगता "माही भाजी लागून राह्यली!" म्हणून धावत सुटल्या. धावताना त्या शेडच्या मागून, संडासांच्या रांगेजवळून गेल्या. ही गोष्ट तेव्हा कोणाच्याही लक्षात राहण्यासारखी नव्हती.

ठरलेल्या वेळी सगळे वर्गात परतले. फिटरभाऊ आले नाहीत.

"खर्रा घोटाले गेला असन," टँकरवाले भाऊ म्हणाले.

"रुसला असन," मावशी म्हणाल्या. "काल त्याच्या संडासाले बोलले ना तुमी."

"मी कुठं बोललो? पोरीइले बोललो."

आम्ही थांबलो. वर्गाच्या मागच्या खिडकीतून कोणाच्या तरी खाकरण्याचा आवाज येत होता. थोडे थांबून पुन्हा खाकरणे. मग जोराने. मग लांबलचक, घसा खरवडून काढणारे, जणू कोणी भाषणाला उभे राहत आहे आणि माईक सापडत नाही.

"कोनाले तरी जबर सर्दी झाली," मावशी म्हणाल्या. "काढा करून द्या लागन."

खाकरणे वाढत गेले. मग टिनावर टकटक झाली, अगदी हलक्या हाताची, पाहुण्याने दार वाजवावे तशी. टँकरवाले भाऊ खिडकीतून डोकावले, ऐकत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी आजतागायत विसरले नाही.

"बाई, टिनाचा मानूस टिनात अडकला!"

आम्ही गेलो. शेवटच्या संडासाचे दार बाहेरून कडी लावून बंद होते. टँकरवाल्या भाऊंनी कडी काढली. फिटरभाऊ बाहेर आले. एका हातात बांबूची काडी, दुसऱ्या हातात रिकामा लोटा, कपाळावरून घामाच्या धारा.

"अबे, कवापासून खाकरून राह्यलो मी!"

"आमाले वाटलं सर्दी झाली."

"आवाज नाई देता येत? माहा टँकर साऱ्या गावाले ऐकू जाते, तसा बोंबलला असता!" टँकरवाले भाऊ म्हणाले.

फिटरभाऊंनी आजूबाजूला पाहिले. व्हरांड्यात मुले होती, नळाजवळ बाया होत्या. ते हळू आवाजात म्हणाले, "चारचौघांत संडासातून बोंबलावं कसं? लाज नाई वाटत काय मानसाले?"

मी पुढे होऊन त्यांच्या हातातला लोटा घेतला. शिक्षकाने केव्हा बोलू नये, हे बी.एड.ला शिकवत नाहीत.

"पन कडी लावली कोनं?" टँकरवाल्या भाऊंनी विचारले.

मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. "मीच लावली वाटते," त्या म्हणाल्या. "धावत चाललोतो मी. कडी उघडी दिसली, हात गेला. सवय आहे ना बाप्पा! उघडी राह्यली का बकरी शिरते."

यावर फिटरभाऊंनी रागावायला हवे होते. परंतु त्यांनी मान डोलावली, कारण मावशींचा तर्क हा त्यांचाच तर्क होता. त्यांनी मला समजावून सांगितले. आंजीत कोणत्याही घरी पाहा, परसातल्या संडासाची कडी बाहेरूनच असते. आत शेळी शिरू नये, कुत्रे शिरू नये, म्हणून. लहानपणापासून प्रत्येकाला शिकवण असते: कडी उघडी दिसली की लावायची. न लावणाऱ्याला बोलणी बसतात.

"आणि आतून?" मी विचारले.

"आतून कशाले, बाई? कोनी आलं का मानूस आतून खाकरते. समजून जाते समोरचा."

त्यांनी हातातल्या काडीकडे पाहिले. मग दाराकडे. काडी त्यांनी दाराला टेकवून उभी केली, आणि काडीच्या टोकाशी एखादे लहान डोके आहे अशा नजरेने ते तिच्याकडे पाहत राहिले.

"घरी खाकरलं तं बाहेर आपलीच मानसं असतात," ते म्हणाले. "इथं साऱ्या गावचे मानसं. पोरीची जात कशी खाकरन?"

मावशींचे हसणे केव्हाच थांबले होते. "अन् अडकली तं बोंबलन कशी?" त्या म्हणाल्या. "तुले, एवढ्या मोठ्या मानसाले लाज वाटली." आणि मग अगदी हळू: "म्हून ते पेत नाई बाप्पा. पानी पेलं का जा लागते."

कोणीतरी कधीतरी त्या मुलीवर कडी लावली असावी. खोडी म्हणून नव्हे, चांगल्या सवयीने, येता-जाता. ती आत किती वेळ उभी राहिली आणि दार कसे उघडले, हे मला आजही माहीत नाही. कोणाचा हात होता हेही मी शोधले नाही. शोधले असते तर गावातले सगळे हात पुढे करावे लागले असते.

वर्ग त्या दिवशी पुन्हा भरला नाही, कारण विद्यार्थी कामाला लागले. फिटरभाऊंनी मोटारसायकलच्या डिक्कीतून ड्रिल काढले. बाहेरच्या सगळ्या कड्या त्यांनी उपटल्या आणि आतून बसवल्या, बांबूच्या काडीच्या टोकाखाली, लहान हाताला पोहोचतील अशा. पण शेळ्यांचा प्रश्न उरला होता, आणि मावशी तो सोडायला तयार नव्हत्या. तेव्हा टँकरवाल्या भाऊंनी टायरची जुनी ट्यूब आणली. तिच्या पट्ट्या कापून दारांना अशा लावल्या, की दार बाहेर ओढले की उघडावे आणि सोडले की आपोआप मिटावे. शेळीला ढकलता येते, ओढता येत नाही, असे फिटरभाऊंचे प्रतिपादन होते. मावशींना ते पटले नाही. त्यांनी खरोखरीची शेळी आणवली. शेळीने दाराला डोके लावले, ढकलले, पुन्हा ढकलले, मग तिने फिटरभाऊंच्या शर्टाचे टोक चघळायला घेतले. परीक्षा उत्तीर्ण.

आता उरले शेवटचे काम, आणि ते सर्वांत नाजूक होते. त्या एका मुलीला बाजूला घेऊन "आता जा, कडी आतून आहे" असे सांगणे सोपे होते. पण तसे केले असते, तर आपली गोष्ट सगळ्यांना कळली हे तिलाही कळले असते. म्हणून सांगायचे ते सगळ्यांना सांगायचे, असे ठरले. संध्याकाळच्या जेवणाला मावशींनी पंगतीत उभे राहून घोषणा केली.

"ऐका रे पोट्टेहो! संडासाची कडी आता आतून आहे. बाहेरून कोनाच्या बापालेई लावता येत नाई. उद्या सकाळी फिटरकाका साऱ्याइकडून तपासून घेनार आहे. ज्याले कडी लावता-काढता येईन, त्याले गुळाचा खडा!"

गुळाच्या खड्याने सकाळी जो गोंधळ घातला, त्याचे वर्णन मी टाळते. रांग व्हरांड्याला वळसा घालून गेली. प्रत्येक मूल आत जाई, कडी लावी, "लागली!" असे ओरडे, कडी काढी, बाहेर येऊन गूळ घेई आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राही. एका पोराला फिटरभाऊंनी कानाला धरून विचारले, "तू चवथ्यांदा येऊन राह्यला ना रे?" तो म्हणाला, "कडी पक्की आहे का नाई, पाहून राह्यलो काका."

दोन वेण्यांची मुलगी रांगेत नव्हती. व्हरांड्याच्या खांबाला टेकून ती पाहत होती. तिच्या मागे तिची आई गाठोडे बांधत होती, कारण बाजाराचा दिवस तोच होता.

फिटरभाऊ त्या आईपर्यंत गेले, घसा साफ केला (त्या दिवसांत त्यांचे खाकरणे ऐकले की सगळ्यांनाच हसू येई) आणि म्हणाले, "ताई, भिंतीले टेका लावाले मी येतो. पन चार दिवस थांबा. आज नका जाऊ."

"पोरगी पेत नाई ना काई," आई म्हणाली.

गूळ संपला, रांग विरली, मुले खेळायला पांगली. मग ती मुलगी खांबापासून निघाली आणि शेडच्या मागे गेली. मी व्हरांड्यात बसून खडूचे तुकडे डब्यात भरत होते. ते काम फार सावकाश करता येते.

तेवढ्यात मावशी भाजीची टोपली घेऊन त्याच वाटेने आल्या. शेवटच्या संडासापाशी त्यांचा मोकळा हात सवयीने दाराकडे गेला, जिथे कालपर्यंत कडी होती तिथे. बोटे टिनावरून फिरली. त्यांना स्क्रूची नुसती भोके लागली.

"आहो ना मी आत!" दाराआडून खणखणीत आवाज आला.

मावशींचा हात जळत्या गंजाला लागावा तसा मागे आला. "राह्य बाई, राह्य!" त्या म्हणाल्या. "निवांत राह्य!"

दुपारी पंगत बसली. गाठोडे बांधलेलेच होते, पण भिंतीशी लोटून ठेवलेले होते. मावशी कढीचा डवला घेऊन आल्या. मुलीने ताटावर हात ठेवला नाही. वाटी पुढे केली, प्याली, पुन्हा पुढे केली, आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे आली तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या आईने मावशींकडे असे पाहिले, की जणू मुलगी वर्गात पहिली आली आहे.

"कढी पुरनार नाई आज," मावशी माझ्या कानाशी येऊन कुरकुरल्या. "बाकीच्या पोरीई मागून राह्यल्या."

मग त्या पंगतीच्या टोकाला गेल्या, जिथे फिटरभाऊ आणि टँकरवाले भाऊ जेवत होते, आणि त्यांच्या वाट्यांत, कोणतेही स्पष्टीकरण न देता, कढीऐवजी साधे पाणी वाढून निघून गेल्या.